हायवे ओलांडून शाळेत गेलेले, सायकलवाले, पायी चालणारे… अनुभव लिहा

केळीबागवाली:
लेकीला आज क्लाससाठी सायकल घेतली. दुकानदार घंटी बसवत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे जळगावचा आकाशवाणी चौक. तेव्हा सहा नंबरचा हायवे, घर अलीकडे, शाळा पलीकडे. आप्पा बोट धरू द्यायचे नाहीत, मनगटच पकडायचे. केळीचे ट्रक एकामागे एक. दोघांमध्ये फट दिसली की "चाल!" पलीकडे पोचेपर्यंत मनगटावर चार बोटांचे वळ. तुमचं कसं होतं?

धुळेकर:
आमच्याकडे गल्ल्या सरळ, नंबरवारीने. पण आग्रा रोडवर चालायचं कुठून? कडेला दुकानाचा माल, पुढे लोटगाडी, तिच्यापुढे उभ्या मोटारसायकली, मग आपण. वर हॉर्न पण आपल्यालाच. आई एवढंच म्हणायची, "आथा तथा दखीसन चाल रे भाऊ."

रेल्वेकॉलनी:
भुसावळ. वडील रात्री दोनला सायकलवर ड्युटीला. डायनामो असा की सायकल थांबली की दिवा गुल, म्हणजे ज्या चौकात थांबायचं तिथेच अंधार! म्हणून मागच्या मडगार्डला वीतभर पांढरा रंग. दर दिवाळीला मीच द्यायचो, अर्धा माझ्या चड्डीला.

उन्हाळी:
सकाळची शाळा असेल तर सांभाळा. हायवे पूर्व-पश्चिम आहे, भुसावळकडे जाणाऱ्याच्या डोळ्यात सरळ सूर्य. मला रिक्षाने तसंच उडवलं, "दिसलीच नाही" म्हणाला. खोटं नव्हतं बोलत. हात प्लास्टरमध्ये, सहामाही बुडाली. गणिताचा पेपर होता, म्हणून फार दुःख नाही 😄

पायीपायी:
फुटपाथ नसेल तर उजव्या कडेने चालायचं, समोरून येणारं दिसतं. सायकल मात्र डावीकडूनच.

धुळेकर:
दादा, आमचे राँग साइडवाले उजव्या कडेला पाठीमागूनच येतात 😂

पायीपायी:
मग मान फिरती ठेवा, पंख्यासारखी.

चुलीजवळ:
किती इंची घेतली? आमची चोवीसची, पोराचे पाय टेकत नव्हते, सीट खाली करून घेतली. बाकी नंतर, फोडणी करपतेय

केळीबागवाली:
चोवीसच. टेकतात, बघूनच घेतली.

रेल्वेकॉलनी:
आधी मेहरूण तलावावर न्या दोन दिवस, पहाटे.

चुलीजवळ:
मेहरूणची बोरं अजून मिळतात का हो? ती लहान, गोड?

उन्हाळी:
मिळतात, पण थंडीत. आता कुठली!

केळीबागवाली:
तलावावर झालं शिकून. उद्या पहिला दिवस. मी स्कूटीवर मागे मागे जाणार, तिला सांगितलं नाहीये.

धुळेकर:
ताई, हॉर्न नका वाजवू फक्त. पोरी आईचा हॉर्न लांबून ओळखतात.