‘ट्रेडिंग पेअर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (मार्केट यार्ड, सांगली) : क्रिप्टोच्या अ‍ॅपवर ‘बीटीसी/आयएनआर’ (बिटकॉइन/रुपया), ‘ईटीएच/बीटीसी’ (ईथर हे दुसरं क्रिप्टो नाणं/बिटकॉइन) अशी ‘ट्रेडिंग पेअर’ दिसते. याला मराठीत ‘व्यापारी जोडी’ लिहिलेलं वाचलं, पण अर्थबोध होत नाही. पहिल्याला ‘बेस’ आणि दुसऱ्याला ‘कोट’ म्हणतात, त्यांनाही शब्द सुचवा.

उत्तर : दादा, ‘जोडी’ राहू द्या, ती रुळली आहे. ‘व्यापारी’ काढा, ‘व्यापारी जोडी’ म्हटलं की दोन व्यापारीच डोळ्यांपुढे येतात. ‘सौद्याची जोडी’ म्हणा. ‘बेस’साठी ‘आधार चलन’ वापरतात, ते मला अजिबात पटत नाही. आधार म्हटलं की ज्यावर भाव मोजायचा ते चलन, असा अर्थ लागतो. म्हणजे नेमका उलटा. तुमच्या यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा हळद हा माल आणि दर बोलला जातो रुपयांत. तसंच इथे. तिरप्या रेघेच्या आधी माल, नंतर भावाचं चलन. ‘बीटीसी/आयएनआर’ म्हणजे एका बिटकॉइनचा रुपयांतला भाव. मराठीचा ‘त’ हा प्रत्यय त्या रेघेचं काम चोख करतो.

प्रश्नकर्ता : पण ‘ईटीएच/बीटीसी’मध्ये दोन्हीकडे क्रिप्टोच. मग माल कुठला?

उत्तर : पहिला, नेहमीच. तिथे ०.०५ दिसलं तर एका ईथरला बिटकॉइनचा विसावा हिस्सा पडतो. आता नीट बघा : रुपयांत दोन्ही घसरले, पण ईथर कमी घसरला, तर हा आकडा वाढलेला दिसेल. म्हणून ‘ईथर वाढला’ हे वाक्य अपुरं आहे, ‘कशात वाढला’ हे सांगायलाच हवं. आणि या जोडीवर ‘खरेदी’ दाबली की तुमचे बिटकॉइन जातात. रुपया हातात आला नाही म्हणून कर नाही, असं समजू नका. आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तो क्रिप्टो देऊन क्रिप्टो घेतल्यावरही लागतो. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही.

आणखी एक उत्तर (विश्रामबाग) : वरचं वाचन चलनबाजारालाही लागू पडतं. डॉलर-रुपयाचा आकडा चढला की बातमी येते ‘रुपया घसरला’. विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. त्या जोडीत माल डॉलर आहे, रुपया भावाचं चलन, एवढं सांगितलं की गाठ सुटते. ‘माल’ आणि ‘भावाचं चलन’ हे शब्द मी वर्गात वापरणार.

एक दुरुस्ती मात्र सगळ्यांनीच करावी. ‘बीटीसी/यूएसडीटी’ला सर्रास ‘बिटकॉइनचा डॉलरमधला भाव’ म्हणतात. यूएसडीटी म्हणजे टेथर, एका खासगी कंपनीने काढलेलं टोकन. त्याची किंमत एका डॉलरइतकी राखायचा प्रयत्न असतो, पण ते अमेरिकेचं सरकारी चलन नाही आणि थोडंफार खालीवर होतं. ‘टेथरमधला भाव’ असंच लिहा.