काचेच्या निगेटिव्हवरील उल्हास नदी : माणसे खरोखर कामात होती की थांबवलेली?

कोपरीकर (ठाणे पूर्व) :

नमस्कार. आमच्या घरी पणजोबांच्या काळापासून एक लाकडी पेटी आहे. तिच्या खाचांमध्ये हाफ प्लेट आकाराच्या, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांच्या काचेच्या निगेटिव्ह उभ्या लावलेल्या आहेत. पणजोबा कल्याणला नोकरीला होते आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा घेऊन उल्हास नदीच्या काठाने हिंडत, एवढेच घरात सांगितले जाते. काचा उजेडासमोर धरल्या की पडाव, वाळत घातलेली जाळी, भातलावणी करणाऱ्या बायका आणि पाण्यावर आलेली गुरे दिसतात. आमच्या वसाहतीच्या वाचनालयात यांचे छोटे प्रदर्शन भरवायचे ठरले आहे, परंतु चित्रांखालच्या ओळी लिहिताना माझे काम अडले आहे.

एका काचेवर पाण्यात बांबू रोवून होडी पुढे ढकलणारा एक माणूस आहे. त्याखाली ‘मासेमारीस निघालेला कोळी’ असे लिहिले, तर तो खरोखरच निघाला होता असे मी ठामपणे सांगितल्यासारखे होईल. पणजोबांनी त्याला थांबवून तसे उभे केले असेल, तर ते खोटे ठरेल. हा फरक काचेवरूनच ओळखता येतो का? आकाश सर्वत्र कोरे आणि पाणी दुधासारखे का दिसते? पेटीत इलफर्ड कंपनीच्या प्लेटचे एक रिकामे खोकेही आहे. त्यावरून काळ ठरवता येईल का?

जुन्या काचा (डोंबिवली) :

कोऱ्या आकाशापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे त्यातूनच उलगडते. त्या काळच्या साध्या प्लेटला, म्हणजे प्रकाशाने काळा पडणारा थर दिलेल्या काचेला, मुख्यतः निळा आणि जांभळा प्रकाशच ‘दिसत’ असे. निळ्या आकाशाचा भाग निगेटिव्हवर इतका काळा होई की कागदावर तेथे काहीच उमटत नसे. उलट तांबडा आणि पिवळा रंग प्लेटवर जवळजवळ उमटतच नसे. म्हणून उन्हाने रापलेले चेहरे, तांबडी लुगडी आणि लाल माती प्रत्यक्षात होती त्यापेक्षा फार गडद येत. हिरव्या रंगालाही दाद देणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट एकोणिसाव्या शतकातच निघाल्या होत्या, आणि सर्व रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट या कंपनीने १९०६ मध्ये बाजारात आणली, तरी पुढे बराच काळ साध्या प्लेटच अधिक वापरल्या जात. तेव्हा कोरे आकाश हा आपल्या पणजोबांच्या कौशल्याचा दोष मानू नये. एखाद्या जुन्या छापील प्रतीवर मात्र सुरेख ढग असतील, तर ते दुसऱ्या निगेटिव्हवरून छापलेले असण्याची शक्यता आधी तपासावी. ही पद्धत तेव्हा सर्रास होती.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. प्लेट मंद असल्यामुळे, आणि जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट यावे म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगाचे छिद्र बारीक ठेवल्यामुळे, भर उन्हातही शटर सेकंदाचा बराचसा अंश उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात वाहत्या पाण्याच्या रेषा एकमेकींत मिसळतात आणि ते दुधासारखे दिसते. म्हणून भिंगातून पाणी आणि माणसाचा हात एकत्र पाहा. पाणी पुसट आहे, पण बांबूवरची बोटे सुटी मोजता येतात आणि बांबूची कडही रेखीव आहे, तर तो माणूस त्या क्षणी बांबू रोवून स्तब्ध उभा होता. हातही पुसट असेल, तर हालचाल चालू होती. ही कसोटी प्रत्येक काचेवर वेगळी लावावी, कारण हातात धरायच्या कॅमेऱ्यांत वेगवान शटरही मिळत असे.

खोक्यावर विसंबू नका. इलफर्डच्या प्लेट १८७९ पासून बनत होत्या आणि रिकामी खोकी लोक वर्षानुवर्षे इतर काचा ठेवायला वापरत. चित्रातल्या वस्तू अधिक खरे सांगतात. उदाहरणार्थ, मुंबईत विजेवरची पहिली आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. तेव्हा रुळांवर विजेच्या तारा दिसल्या, तर ती काच त्या सुमाराची किंवा त्यानंतरची.

खाडीवाला (दिवा कोळीवाडा, ऐरोली) :

वरील उत्तर उत्तम आहे, पण त्याला इकडच्या पाण्याची एक जोड द्यावी लागेल. कल्याणपासून खाली उल्हासला भरती-ओहोटी आहे. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी पाणी थोडा वेळ थांबते आणि वारा नसेल तर आरशासारखे होते. असे पाणी शटर कितीही वेगाने चालले तरी गुळगुळीतच दिसणार. म्हणून केवळ गुळगुळीत पाण्यावरून शटर किती वेळ उघडे होते ते ठरवू नये. आधी प्रतिबिंब पाहा. डोलकाठीचे प्रतिबिंब सरळ आणि अखंड असेल, तर पाणी थांबलेलेच होते. एका नांगरावर असलेल्या होड्यांची तोंडे सगळी एकाच दिशेला असतील, तर ओढ होती. काठावरच्या ओल्या चिखलाचा पट्टा किती रुंद आहे, यावरून पाणी किती उतरले होते तेही समजते.

भातलावणीच्या काचांबद्दल विशेष सांगावेसे वाटते. लावणी ऐन पावसात होते, आभाळ भरलेले असते आणि उजेड कमी म्हणून शटर आणखी जास्त वेळ उघडे ठेवावे लागत असणार. बायकांच्या पाठीवर इरली, म्हणजे पाऊस अडवणारी आच्छादने, आहेत का, आणि चिखलावर सावल्या कशा पडल्या आहेत, हे दोन्ही एकदम पाहा. इरले घेतलेले आहे आणि सावली मात्र काळीभोर व कडक आहे, तर पाऊस उघडलेला होता. मग ते पाठीवर तसेच राहिले, की फोटोसाठी घ्यायला सांगितले, याचा विचार करता येतो. रोपांची मूठ कोणत्या हातात आहे आणि दुसऱ्या हाताची बोटे खरोखर चिखलात गेली आहेत का, तेही बघा. माझ्या आजीने आयुष्यभर लावणी केली. असे चित्र तिच्यासमोर ठेवले असते, तर कोणती बाई काम करते आहे आणि कोण नुसती वाकली आहे, हे तिने लगेच सांगितले असते. आपल्या ओळखीत अशा वयस्कर बायका असतील, तर प्रदर्शनाआधी त्यांना काचांचे छाप अवश्य दाखवा. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि त्यानंतर आमच्या बाजूची मिठागरे आणि खाजणे फार बदलली; काठ ओळखणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.

वाशीची वाचक :

‘थांबवलेले’ म्हणजे ‘खोटे’ असे समीकरण मांडू नये, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. रशियात प्रोकुदिन-गोर्स्की यांनी १९०९ पासून नद्या, कालवे आणि खेडी रंगीत टिपली. एकाच लांबट काचेवर निळ्या, हिरव्या आणि तांबड्या गाळण्यांतून ते एकापाठोपाठ एक तीन चित्रे घेत. मधल्या वेळात जे हलले त्याच्या कडांना सुटे रंग लागत. त्यांच्या नद्यांच्या लाटांवर अशा रंगीत रेघा आजही दिसतात. शेक्स्ना नदीजवळच्या खेड्यातील तीन मुली बोरांसारखी फळे पुढे करून उभ्या आहेत, ते १९०९ चे चित्र प्रसिद्ध आहे. त्या कॅमेऱ्यासाठीच उभ्या राहिल्या, यात संशय नाही. तरीही त्यांचे कपडे, हातातल्या बशा आणि मागचे लाकडी घर हा खरा पुरावा आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. १८६० च्या दशकात विल्यम जॉन्सन यांनी येथील निरनिराळ्या समाजांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांतील अनेकांत स्टुडिओत टिपलेली माणसे वेगळ्या ठिकाणच्या दृश्यावर जोडून छापलेली आहेत. तेथे माणूस खरा आणि जागाही खरी, पण तो त्या जागी उभा होता हे मात्र खरे नाही. माझ्या मते ओळ लिहिताना हाच भेद महत्त्वाचा आहे. होडीतला माणूस त्या नदीवर, त्या होडीत होता. तो क्षणभर थांबला एवढेच.

जुन्या काचा (डोंबिवली) :

जोडकामाचा मुद्दा निघाला म्हणून एक कळकळीची सूचना. आपल्या काचांवर आकाशाच्या जागी तांबडा किंवा काळा अपारदर्शक रंग लावलेला असेल, तर तो मळ समजून पुसू नका. छापताना आकाश स्वच्छ यावे म्हणून छायाचित्रकार तो स्वतः लावत आणि तो आपल्या पणजोबांच्या हाताचा असू शकतो. काचेची एक बाजू चकचकीत आणि दुसरी किंचित मंद असते. मंद बाजूवर जिलेटिनचा थर असतो. त्याला पाणी, ओले फडके किंवा बोट लावू नये. कडांना निळसर चंदेरी झळाळी आली असेल, तर ती थरातली चांदी पृष्ठावर आल्यामुळे आलेली असते. तीही घासू नये. ठाण्याच्या पावसाळ्यात बंद प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, म्हणून प्रत्येक काच आम्लरहित कागदाच्या चार पाकळ्यांच्या वेष्टनात, लांब कडेवर उभी ठेवावी. पापुद्रे सुटलेल्या काचांसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राचा सल्ला घ्यावा.

प्रती घेताना मंद बाजू आपल्यापासून दूर ठेवा, नाहीतर डावे-उजवे उलटे होईल. धुक्यातला निळसर उजेड साध्या प्लेटवर जास्त उमटत असल्यामुळे दूरचे डोंगर पुसले गेल्यासारखे वाटतात, परंतु संगणकावर तो भाग गडद करून पाहिला की मलंगगडाची कड वर येऊ शकते. ती आली तर जागाही समजेल आणि चित्र सुलटे आहे की नाही तेही.

कोपरीकर (ठाणे पूर्व) :

सर्वांचे मनापासून आभार. होडीची काच पुन्हा भिंगाखाली पाहिली. पाण्यावर आडव्या पुसट रेघा आहेत, प्रतिबिंब तुटलेले आहे, म्हणजे ओढ होती. परंतु बांबूवरची चारही बोटे स्पष्ट आहेत. मागच्या टोकाला बसलेल्या मुलाचा चेहरा मात्र हलल्यामुळे दुहेरी आला आहे. त्यावरून ओळ अशी ठरवली आहे : ‘उल्हास नदीवरील होडी. होडीतील माणूस छायाचित्रासाठी थांबला असावा. मुलगा हलला आहे. काळ अनिश्चित.’ लावणीच्या काचांचे छाप कोपरीतल्या वयस्कर बायकांना दाखवून त्यांनी सांगितलेले येथे लिहीन.