मदत हवी आहे : गॅरेजच्या दाराची स्प्रिंग तुटली

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. कडाक्याची थंडी पडली आहे, आणि काल रात्री गॅरेजमधून धाडकन आवाज आला. दारावरच्या आडव्या दांड्यावर दोन स्प्रिंगा आहेत, त्यातली डावीकडची तुटून मध्ये फट पडली आहे. बटण दाबलं की दार वीतभर उचलतं आणि थांबतं. दार स्टीलचं, १६ फूट रुंद, ७ फूट उंच. दोन्ही गाड्या आत.

एकच स्प्रिंग बदलली तर चालेल का? नवऱ्याला स्वतःच बदलायची आहे. व्हिडिओत सोपं दिसतं, पण मला फार काळजी वाटतेय.

प्रतिसाद :

ताई, आधी ते बटण दाबणं बंद करा. दाराचं वजन स्प्रिंगा पेलतात, मोटर नाही. असंच ओढत राहिलात तर ओपनरचा गिअर जाईल.

गाड्या काढायला दोन-तीन धडधाकट माणसं लागतील. ओपनरची लाल दोरी (ती ओढली की दार मोटरपासून सुटतं) दार पूर्ण खाली असतानाच ओढा. दार सगळ्यांनी मिळून उचला आणि रुळावर रोलरखाली क्लॅम्प घट्ट लावा.

स्प्रिंगा दोन्ही बदला. साधी स्प्रिंग साधारण १०,००० वेळा उघडझाप झेलते, म्हणजे दिवसाला चार वेळा धरली तर जेमतेम सात वर्षं. दुसरीचंही तेवढंच आयुष्य सरलंय.

मोजमाप तुम्ही घेऊ शकता, पण तुटलेल्या स्प्रिंगेचंच, कारण तिच्यात ताण उरलेला नाही. लागून असलेले २० वेढे मोजा. साडेचार इंच भरले तर तार ०.२२५ इंचाची, पाच भरले तर ०.२५० ची. आतला व्यास आणि फट सोडून एकूण लांबीही लिहून ठेवा.

बदलण्याचं काम मात्र कारागिरालाच द्या. शाबूत स्प्रिंगेत पूर्ण पीळ आहे. पीळ धरून ठेवणारी सळई न घालता तिचे स्क्रू सैल केले की माणसाचा हात मोडतो. नवीन स्प्रिंगेला ७ फुटी दारासाठी साडेसातच्या आसपास फेरे द्यावे लागतात, तेही पाव-पाव फेऱ्याने, दोन सळया आलटून पालटून. माझं ऐकाल तर साहेबांना व्हिडिओवरून हे करू देऊ नका.

कोटेशन लेखी घ्या, त्यात तारेची जाडी लिहून मागा. ‘आजीवन वॉरंटी’त मजुरी धरली आहे का, तेही विचारा.

धागाकर्ती :

खूप आभार! वेढे साडेचार इंच भरले. दार उचलणाऱ्या तारेच्या दोरांपैकी उजव्या केबलचे खालचे काही तंतू तुटलेले दिसतात. तीही बदलायची ना?

प्रतिसाद :

हो, दोन्ही बाजूंच्या. कारागिराच्या त्याच भेटीत होतील, फक्त त्याला आधी सांगून ठेवा. तोवर केबलला हात लावू नका.