आईबाबांचं मुंबई–शिकागो तिकीट: एजंट १५ हजार कमी सांगतोय, घ्यावं का?

सातारारोड
नमस्कार. आईबाबा पहिल्यांदाच ताईकडे शिकागोला निघालेत. तिला जूनमध्ये बाळ होणार आहे, म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात जायचं आणि दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरअखेर परत यायचं असं ठरतंय. बाबा ७१ वर्षांचे, आई ६६ ची. तिचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. व्हिसा झालाय.

मुंबईहून एका थांब्याचं, दुबईमार्गे, जाऊन-येऊन तिकीट विमान कंपनीच्या साइटवर माणशी १,१४,००० दिसतंय. ओळखीतून कळलेल्या एका एजंटनं ९९,००० सांगितले. दोघांचे मिळून तीस हजार वाचतात, आमच्यासाठी ही रक्कम मोठी आहे. पण एवढा फरक पडतो कसा? दोघं मध्येच कुठे अडकले तर मी पुण्यात आणि ताई तशा अवस्थेत तिकडे. एजंटला नेमकं काय विचारू?

इंद्रायणीकाठ
आम्ही दर वेळी एजंटकडूनच काढतो. गेल्या वर्षी सासूबाईंना परतीची तारीख दोनदा पुढे ढकलावी लागली. दोन्ही वेळा एका फोनवर काम झालं. साइटवरून काढलं असतं तर मीच तास-तास फोन धरून बसले असते.

खारघरवासी
मी चौदा वर्षं तिकिटिंगला होते, म्हणून जरा लांबण लावते.

फरक पडू शकतो. विमान कंपन्या मोठ्या कन्सॉलिडेटरना, म्हणजे तिकिटांच्या घाऊक विक्रेत्यांना, काही मार्गांवर कमी दरानं तिकिटं देतात आणि ते दर साइटवर दिसत नाहीत. छोटा एजंट त्यांच्याकडून घेतो, आपले थोडे पैसे लावतो आणि तुम्हाला देतो. म्हणजे स्वस्त आहे म्हणून खोटंच असेल असं नाही. पण मे महिना गर्दीचा. त्यात माणशी पंधरा हजार कमी म्हटल्यावर कारण विचाराच.

पहिली शंका मला येते ती दोन वेगळ्या तिकिटांची. मुंबई–दुबई एका कंपनीचं आणि दुबई–शिकागो दुसऱ्याच पीएनआरवर, म्हणजे वेगळ्या बुकिंग नंबरवर. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही. सामान शिकागोपर्यंत थ्रू जाईलच असंही नाही. तरुण पोरं हा धोका पत्करतात. तुमच्या आईबाबांना असं पाठवू नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

दुसरं, तो स्टुडंट किंवा मरीन फेअर नाही ना, हे विचारा. मरीन फेअर जहाजावरच्या लोकांसाठी असतो. कोकणातली, गोव्यातली कितीतरी मंडळी त्यावरच ये-जा करतात, पण चेक-इनला त्यांचं सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, मागतात. भलत्या माणसाला ते तिकीट दिलं तर काउंटरवरूनच परत यावं लागतं.

आणि बॅगा. अमेरिकेला बहुतेक कंपन्या २३ किलोच्या दोन देतात, पण अगदी तळातल्या भाड्यात एकच असू शकते. बाळंतपणाला निघालेल्या आईला डिंकाचे लाडू, आळीव, बाळाची दुपटी हे सगळं एका बॅगेत कसं मावणार?

ही उत्तरं तोंडी घेऊ नका. फेअर रूल, म्हणजे त्या भाड्याचे नियम, मेलवर मागवा. तारीख बदलायला किती, रद्द केलं तर किती परत, जास्तीत जास्त किती महिन्यांत परतावं लागतं, हे सगळं त्यात असतं. बदलाच्या दंडावर भाड्यातला फरकही भरावा लागतो, हे लोक विसरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पीएनआर आला म्हणजे तिकीट निघालं असं नाही. पीएनआरवर नुसती जागा धरलेली असते. तिकीट निघालं की १३ आकडी नंबर येतो. त्यातले पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: एमिरेट्सचे १७६, कतारचे १५७, इतिहादचे ६०७, एअर इंडियाचे ०९८. कंपनीनं दिलेल्या मुदतीच्या आत एजंटनं तिकीट काढलं नाही तर बुकिंग आपोआप रद्द होतं, आणि काही जणांना हे थेट विमानतळावर कळतं. पैसे एजन्सीच्या खात्यातच भरा, पावती घ्या, नंबर आला की त्याच दिवशी कंपनीच्या साइटवर टाकून बघा.

मिशिगनतीर
मी शिकागोतच असते. माझे आईवडील अबूधाबीवरून येतात. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, त्यामुळे इथे उतरल्यावर ती रांग नाही. बॅगा घ्यायच्या आणि बाहेर. मात्र मध्ये किमान तीन तास हवेत, कारण अबूधाबीत सिक्युरिटी परत होते. एजंटला या मार्गाचाही दर विचारा.

ताई इथून तिकीट काढते म्हणाली तर एक लक्षात ठेवा. २४ तासांत फुकट रद्द करायचा इथला नियम विमान कंपनीकडून थेट घेतलेल्या तिकिटाला आहे, एजंटकडच्या नाही.

सातारारोड
खारघरवासी, तुमचे उपकार कसे फेडू. एजंटला फोन केला, तर ९९,००० मध्ये खरंच दोन तिकिटं होती. मी विचारेपर्यंत त्यानं सांगितलं नव्हतं.

मग ताईच्या मैत्रिणीनं सुचवलेल्या दुसऱ्या एजंटकडे गेलो. मुंबई–अबूधाबी–शिकागो, एकच पीएनआर, २३ किलोच्या दोन-दोन बॅगा, थांबा पावणेचार तास. माणशी १,०६,५००, फेअर रूल मेलवर आलेत. उद्या संध्याकाळपर्यंत होल्ड केलंय. पंधरा हजार वाचतात, तेवढे पुरेत. व्हीलचेअर दोघांसाठी सांगू का? बाबा नको म्हणतात.

खारघरवासी
दोघांसाठीही सांगा, पैसे पडत नाहीत. एकट्या आईंना व्हीलचेअरवरून नेलं तर गर्दीत दोघांची चुकामूक होऊ शकते. बाबांना म्हणा, तुम्ही आईच्या सोबतीला बसायचंय. दोन्ही विमानांवर आणि परतीच्या प्रवासातही ती नोंद आहे ना, तेवढं बघा. शाकाहारी जेवणाचंही आत्ताच सांगून ठेवा.

इंद्रायणीकाठ
पैसे भरायच्या आधी नावं पासपोर्टसमोर धरून अक्षर न् अक्षर तपासा. आमच्याकडे सासूबाईंच्या पासपोर्टवर मधलं नाव होतं, तिकिटावर राहून गेलं. तिकीट निघाल्यावर ते घालून घ्यायला आठवडा गेला.

सातारारोड
आत्ता पाहिलं. बुकिंगमध्ये आईच्या नावात बाबांचं नाव घालायचं राहून गेलंय. लगेच फोन करतो.