युरेनियमचं परत युरेनियमच का होतं? केंद्रकातल्या बदलांबद्दल मदत हवी आहे

शिकवणीताई

नमस्कार मंडळी. मी बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. सध्या अणुकेंद्रकाचा धडा चालू आहे. अल्फा (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा) बाहेर पडला की अणुअंक (प्रोटॉनची संख्या) २ ने आणि वस्तुमानांक (प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) ४ ने कमी होतो, बीटा (इलेक्ट्रॉन) बाहेर पडला की अणुअंक १ ने वाढतो आणि वस्तुमानांक तोच राहतो, हे मुलांना पाठ आहे. युरेनियम-२३८ पासून शिसं-२०६ होताना किती अल्फा आणि किती बीटा, हे गणितही ती पटकन सोडवतात. ३२ भागिले ४ म्हणजे ८ अल्फा. त्या ८ अल्फांमुळे अणुअंक ९२ वरून ७६ वर येतो, शिशाचा तर ८२ आहे, म्हणजे ६ बीटा. परीक्षेला एवढं पुरतं.

पण फळ्यावर या बदलांच्या साखळीच्या पहिल्या पायऱ्या लिहिल्या, युरेनियम-२३८, मग थोरियम-२३४, मग प्रोटॅक्टिनियम-२३४, मग युरेनियम-२३४, आणि एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे परत युरेनियमच झालं. मग मधे एवढं सगळं कशासाठी?"

प्रश्न मला फार आवडला. नियम सांगून तो मिटवायचा नाहीये. केंद्रकाने कधी अल्फा टाकायचा आणि कधी बीटा, हे ठरतं कशावरून? बाहेर पडायला अल्फाच का, एकटा प्रोटॉन का नाही? केंद्रकात इलेक्ट्रॉन नसतोच, तर बीटा येतो कुठून? आणि अल्फा गेल्यावर त्या अणूकडे दोन इलेक्ट्रॉन जास्तीचे उरतात, त्यांचं काय होतं? बारावीच्या मुलांना झेपेल असं कुणी समजावून सांगाल का?

गायगर

ताई, पहिल्या प्रश्नासाठी मुलांना प्रत्येक पायरीवर न्यूट्रॉन भागिले प्रोटॉन एवढंच काढायला सांगा.

युरेनियम-२३८ मध्ये ९२ प्रोटॉन, १४६ न्यूट्रॉन. गुणोत्तर १.५९. अल्फा दोन-दोन घेऊन जातो, उरतात ९० आणि १४४, म्हणजे बरोबर १.६०. न्यूट्रॉन कमी होऊनही गुणोत्तर वाढलं! खरी गोम इथे आहे. जड केंद्रकात प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतात, त्यामुळे ते टिकायला न्यूट्रॉन जास्त लागतात. पण केंद्रक हलकं होत गेलं की तेवढ्या जास्तीच्या न्यूट्रॉनची गरज राहत नाही. शेवटच्या शिसं-२०६ चं गुणोत्तर १.५१ आहे. म्हणजे जायचंय १.५१ कडे, आणि अल्फाने पाऊल पडलं उलट्या दिशेला. ते बीटा सावरतो, कारण त्यात एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो. प्रोटॅक्टिनियमला १.५७, युरेनियम-२३४ ला १.५४.

त्यामुळे तुमच्या विद्यार्थिनीला सांगा की नाव परत युरेनियम असलं तरी केंद्रक तेच नाही. त्यातले चार न्यूट्रॉन कमी झालेत. अणुअंक फक्त प्रोटॉन मोजतो, म्हणून आपल्याला ते परत मागे आल्यासारखं वाटतं.

तिथून पुढे ओळीने पाच अल्फा आहेत: थोरियम-२३०, रेडियम-२२६, रेडॉन-२२२, पोलोनियम-२१८, शिसं-२१४. गुणोत्तर चढत चढत १.६१ वर जातं आणि मग परत दोन बीटा येतात. मधल्या थोरियम-२३० आणि रेडियमला साधा बीटा टाकणं ऊर्जेच्या हिशोबात परवडतच नाही. त्यांच्याकडे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येत, जोड्या लागलेले असतात, ती जोडी मोडायला ऊर्जा मोजावी लागते. गुणोत्तराने दिशा कळते, पण शेवटचा निर्णय ऊर्जेचा असतो, हे मुलांना जरूर सांगा.

जुनी वही

अल्फाच का, याचं उत्तर दोन आकड्यांत आहे. युरेनियम-२३८ मधून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सुटे काढायचे तर सुमारे २४ एमईव्ही (केंद्रकाच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जा लागेल. पण तेच चौघे एकत्र येऊन हीलियमचं केंद्रक झालं की २८.३ एमईव्ही मिळते. शिल्लक उरते ४.३ च्या आसपास, आणि ती घेऊन अल्फा निघतो. एकट्या प्रोटॉनला अशी काहीच मिळकत नाही. त्याला सोडवायला आपल्यालाच ऊर्जा घालावी लागेल, म्हणून तो आपणहून निघत नाही.

आता ४.३ एमईव्ही शिल्लक असूनही युरेनियमचं अर्धआयुष्य (निम्मी केंद्रकं मोडायला लागणारा काळ) ४४७ कोटी वर्षं का? कारण बाहेर पडायला विद्युत-प्रतिकर्षणाची भिंत आहे, अल्फाच्या ऊर्जेपेक्षा कितीतरी उंच. १९२८ मध्ये गॅमॉवने, आणि स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन यांनी दाखवलं की पुंज यांत्रिकीनुसार, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या नियमांनुसार, कण त्या भिंतीतून आरपार जाऊ शकतो, पण तशी शक्यता ऊर्जेवर भयंकर अवलंबून असते. थोरियम-२३२ ची अल्फा ऊर्जा ४ एमईव्हीच्या आसपास, अर्धआयुष्य १४०० कोटी वर्षं. पोलोनियम-२१२ ची ९ च्या जवळ, अर्धआयुष्य सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी. ऊर्जा दुपटीहून थोडीच जास्त, आणि काळात एवढी तफावत! मला पदार्थविज्ञानात याच्याइतकं थक्क करणारं दुसरं काही क्वचितच भेटलं आहे.

बीटाबद्दल: इलेक्ट्रॉन आत साठवलेला नसतो, तो त्या क्षणी तयार होतो. दिवा लावला की प्रकाश बाहेर येतो, म्हणून तो दिव्यात भरून ठेवलेला होता असं आपण म्हणत नाही, तसंच. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो दोन्ही जन्माला येतात. बीटा कणांची ऊर्जा दर वेळी वेगवेगळी का भरते, हे कोडं सोडवण्यासाठी पाउलीने १९३० मध्ये हा न दिसणारा कण सुचवला. १९३४ मध्ये फर्मीने त्यावर सिद्धांत उभा केला, आणि कण प्रत्यक्ष सापडायला १९५६ उजाडलं. बोर्डाच्या परीक्षेत समीकरणात प्रतिन्यूट्रिनो लिहायला मुलं हमखास विसरतात, तेवढं बघा.

आणि ते दोन इलेक्ट्रॉन. ते केंद्रकाच्या हिशोबात येतच नाहीत. जास्तीचे इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या पदार्थात निघून जातात, आणि अल्फा थांबला की तोही कुठून तरी दोन इलेक्ट्रॉन उचलतो आणि हीलियम वायूचा अणू होतो. रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी अल्फा कण पातळ काचेतून दुसऱ्या नळीत जमवले आणि त्यात हीलियमचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाची ओळखखूण, पाहिला. नैसर्गिक वायूबरोबर जमिनीतून मिळणारं हीलियम बहुतांशी असंच खडकांत तयार झालेलं आहे.

शिकवणीताई

दोघांचे मनापासून आभार. गुणोत्तराचा तक्ता आजच वर्गात करून घेतला, मुलं अगदी रंगून गेली. त्यातून आणखी एक प्रश्न निघाला. रेडियम-२२६ चं अर्धआयुष्य १६०० वर्षं. पृथ्वी तर ४५० कोटी वर्षांची. मग ते केव्हाच संपायला हवं होतं. खाणीत अजून सापडतं कसं?

गायगर

संपतं तेवढंच साखळीतल्या वरच्या पायऱ्यांवरून, मुळात युरेनियमपासून, नव्याने तयार होतं म्हणून. जुन्या, न हललेल्या खनिजात साखळीतल्या प्रत्येक पायरीवर दर सेकंदाला मोडणाऱ्या केंद्रकांची संख्या सारखी होते. ज्याचं आयुष्य कमी, त्याचा साठा कमी. तीन टन युरेनियममागे साधारण एक ग्रॅम रेडियम, एवढंच. रेडियम शोधणाऱ्या क्यूरी दांपत्याला टनावारी पिचब्लेंड (युरेनियमचं खनिज) का उपसावं लागलं, ते यावरून मुलांच्या लक्षात येईल.

त्या मुलीच्या युरेनियम-२३४ लाही हाच हिशोब लावून दाखवा. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये ते जेमतेम ०.००५ टक्के, पण दर सेकंदाला त्याची केंद्रकं युरेनियम-२३८ इतकीच मोडतात. भूजलात तर ती बऱ्याचदा जास्त भरतात. अल्फा सुटताना मागे राहिलेल्या केंद्रकाला उलटा धक्का बसतो, स्फटिकातली त्याची जागा खिळखिळी होते, आणि तिथे पुढे तयार झालेलं युरेनियम-२३४ पाण्यात सहज विरघळतं.