ठेकेदारी सोडून जुनी घरे घेऊन, दुरुस्त करून विकण्याच्या धंद्यात उतरावे काय? (नागपूर)

प्रश्न – ठेकेदार, मानेवाडा

नमस्कार. मी गेली चौदा वर्षे नागपुरात घरबांधणीची व दुरुस्तीची ठेकेदारी करीत आहे. माझ्याकडे कायमचे दोन मिस्त्री, एक प्लंबर, रंगाऱ्यांची जोडी आणि थोडे सेंट्रिंगचे साहित्य आहे. दरवर्षी दोन-तीन जुनी घरे मी मालकांसाठी नवी करून देतो आणि पुढे वर्षभरातच तेच घर चढ्या भावाने विकले गेल्याचे कानावर येते. मालकाला दहा लाख सुटतात, मला मात्र कामावर आठ-दहा टक्के, आणि त्यातलेही शेवटचे बिल दिवाळीपर्यंत अडकलेले. असे दोनदा झाल्यावर आता स्वतःच घर घेऊन, नीट करून विकावे असे मनात आले आहे.

नंदनवन भागात 1,500 चौरस फुटांच्या प्लॉटवरील तीस वर्षे जुने घर पाहून ठेवले आहे. मागणी 58 लाखांची आहे. माझ्या अंदाजाने 9 लाखांत काम होईल आणि घर 78 लाखांना जाईल, म्हणजे अकरा लाख सुटतील. 35 लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी मिळत आहे, उरलेली रक्कम माझी व मेहुण्याची. जागा नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजची असून वारस चार आहेत, त्यांपैकी एक बहीण पुण्याला असते. अमेरिकेतील व्हिडिओंमध्ये सत्तर टक्क्यांचा एक नियम सांगतात, तो इथे लावता येईल काय? ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 – जुना बांधकामवाला, हुडकेश्वर

भाऊ, तुमच्या हिशेबात दुरुस्तीचा आकडा बरोबर असेल, कारण तो तुमचा रोजचा विषय आहे. चूक बाकीच्या आकड्यांत आहे. त्या नियमाचा अर्थ एवढाच की दुरुस्तीनंतर जी किंमत येईल तिच्या सत्तर टक्क्यांतून दुरुस्तीचा खर्च वजा करावा आणि जे उरेल त्याहून अधिक देऊ नये. 78 लाखांवर हे गणित 45 लाख 60 हजारांवर येते. त्या भावात नंदनवनातला कोणताही मालक तुम्हाला दारात उभे करणार नाही. शिवाय तो ठोकताळा तिथल्या खर्चावर बसवलेला आहे, आपल्याकडचे मुद्रांक शुल्क त्यात कुठेच नाही. तेव्हा नियम बाजूला ठेवून खर्चच मांडू.

मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभारांसह सात टक्के धरा, म्हणजे 4 लाख 6 हजार, आणि नोंदणी फी 30 हजार. दलाली घेताना एक टक्का व विकताना एक टक्का धरली तर 1 लाख 36 हजार. कर्जाचे नऊ महिन्यांचे व्याज सुमारे 2 लाख 62 हजार. हे सारे तुमच्या अकरा लाखांतून वजा केले की उरतात अंदाजे 2 लाख 65 हजार, तेही आयकर भरण्यापूर्वीचे. या नऊ महिन्यांत तुमचे मिस्त्री दुसऱ्या साइटवर जे कमावून देऊ शकले असते ते मी मोजलेलेच नाही. स्वतःच्या माणसांची मजुरी फुकट धरणे हा आपल्या ठेकेदारांचा जुना रोग आहे.

आता माझी गोष्ट. मी काही वर्षांपूर्वी एक घर डिसेंबरात घेतले, भेगा भरल्या, पुट्टी मारली, फिकट पिवळा रंग दिला. घर चकाचक दिसत होते. मे महिन्यात पहिले गिऱ्हाईक आले तेव्हा मागच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवरून तिरकी भेग उघडली होती, इतकी की त्या काकांनी खिशातून नाणे काढून तिच्यात उभे करून दाखवले. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, हे मी शंभर गिऱ्हाइकांना सांगितले असेल, पण स्वतःच्या व्यवहारात विसरलो. प्लिंथच्या (जोत्याच्या) बाजूने फरशी-नाली नव्हती, छताचे पाणी सरळ पायाशी पडत होते. पुढे नाली काढली, अंगणात उतार दिला, पण घर विकायला त्यावर आणखी सात महिने गेले.

म्हणून नंदनवनातले घर पाहताना दोन गोष्टी करा. शक्य असेल तर एकदा एप्रिल-मेच्या उन्हात आणि एकदा ऑगस्टच्या पावसात पाहा. तेवढा वेळ नसेल तर किमान ऑगस्टमध्ये दरवाजे अडकतात काय हे शेजाऱ्यांना विचारा. आणि कूलरचा स्टँड जिथे बसवला आहे तिथली भिंत आतून हाताने दाबून पाहा. वर्षानुवर्षे पाणी झिरपून तिथले प्लॅस्टर पोकळ झालेले असते आणि रंगाखाली ते दिसत नाही.

अंबाझरी लेआउट, डागा लेआउट या बाजूचे घर कधी पाहिलेच, तर 23 सप्टेंबर 2023 च्या पुराचे पाणी कुठवर चढले होते, हे त्या गल्लीतल्या किराणावाल्याला विचारा.

उत्तर 2 – वकील, सिव्हिल लाइन्स

वरील हिशेबाशी मी सहमत आहे, फक्त कागदपत्रांबाबत थोडे लिहितो. लीजची जागा असल्याने सर्वप्रथम लीजची मुदत किती उरली आहे, नूतनीकरण झाले आहे काय, भूभाटक (जागेचे भाडे) थकले आहे काय आणि प्रन्यासच्या नोंदीत आज कोणाचे नाव आहे, हे तपासावे. बरेचदा नाव अजून वडिलांचेच असते आणि वारसांच्या नोंदीतच तीन-चार महिने जातात. पुण्याच्या बहिणीची सही विक्रीपत्रावर हवीच. ‘ती काही बोलणार नाही’ या भावांच्या शब्दावर इसार देऊ नये. तीस वर्षांचा शोध अहवाल (जागेचे मागचे व्यवहार व बोजे दाखवणारा) घ्यावा आणि मंजूर नकाशा मागावा. जुन्या घरांत मागच्या मोकळ्या जागेत टिनाची खोली किंवा संडास वाढवलेला असतो, आणि तुमच्या खरेदीदाराच्या बँकेचा मूल्यांकनकार तेवढे क्षेत्रफळ सरळ वजा करतो.

मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी बाजारात दोन युक्त्या सांगितल्या जातात. एक, मोबदला देऊन विक्रीचे अधिकार देणारे मुखत्यारपत्र घ्यायचे, आणि दुसरी, करारनामा करून ताबा घ्यायचा. महाराष्ट्रात या दोन्हींवर खरेदीखताइतकेच शुल्क लागते. गुंतवणूकदाराने विकासकाकडून सदनिका घेऊन ती तीन वर्षांत पुढे विकल्यास आधी भरलेले शुल्क वळते होण्याची तरतूद आहे खरी, पण ती विकासकाकडून घेतलेल्या सदनिकेची आहे. वारसांकडून घेतलेल्या जुन्या घराला तिचा उपयोग नाही.

वैध मार्ग वेगळा आहे. घर विकत न घेता मालकांशीच करार करावा: दुरुस्ती तुमच्या खर्चाने होईल, विक्री मालकच करतील, आणि ठरलेल्या मूळ किमतीच्या वर जे मिळेल त्यातून आधी तुमचा खर्च व नंतर ठरलेला हिस्सा तुम्हाला मिळेल. ताबा मालकांकडेच राहील आणि तुम्ही केवळ कामासाठी प्रवेश कराल, हे वाक्य करारात स्पष्ट असावे. विक्री ठरावीक मुदतीत झाली नाही तर तुमचा खर्च केव्हा व कोण परत करील, हेही लिहून घ्यावे, कारण भांडण नेमके तिथेच होते. सह्या मात्र चारही वारसांच्या घ्याव्यात.

उत्तर 3 – करसल्लागार, धंतोली

ठेकेदार असल्यामुळे आपण जीएसटी नोंदणीकृत असाल आणि सिमेंट, टाइल्स, रंग यांवरचा कर वजावट म्हणून मिळण्याची सवय झाली असेल. स्वतः घेतलेले जुने घर दुरुस्त करून विकताना विक्रीवर जीएसटी नसतो, त्यामुळे साहित्यावर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. सिमेंटवरील दर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला, तरी तो अठरा टक्के खर्चातच धरावा लागेल. 9 लाखांचा अंदाज करासह आहे की कराविना, हे एकदा तपासावे.

असे व्यवहार वारंवार केले तर नफा व्यवसायाचे उत्पन्न ठरतो आणि त्यावर स्लॅबप्रमाणे कर लागतो. दोन वर्षे घर ठेवून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याच्या साडेबारा टक्के दरात बसू, असे धरून चालू नये. खरेदी 50 लाखांवर असल्याने एक टक्का टीडीएस आपणच कापून भरायचा आहे, आणि चार वारसांचे हिस्से वेगवेगळे 50 लाखांखाली असले तरी तो टळत नाही. इसारापोटी वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने देऊ-घेऊ नये. स्त्रीच्या नावे घेतल्यास शुल्कात एक टक्का सवलत आहे, पण घर पत्नीच्या नावे आणि पैसा आपला असेल तर उत्पन्न आपल्याच नावे मोजले जाईल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. 9 लाखांचा आकडा कराविना होता, हे मान्य करतो. आज थोरल्या भावाला भेटून हिश्शाच्या कराराचा विषय काढला. ते तयार दिसतात, कारण घर आठ महिन्यांपासून पडून आहे, पण त्यांना मूळ किंमत 60 लाख धरायची आहे. बहिणीशी फोनवर बोलायचे राहिले आहे.

उत्तर 1 – जुना बांधकामवाला, हुडकेश्वर

60 वर अडू नका, हिस्सा किती टक्के मिळतो ते पाहा. आणि बहिणीशी फोनवर बोलू नका जी, पुण्याला जाऊन या. जाण्यापूर्वी प्लिंथच्या कडेने एक फूट खणून माती मात्र बघून घ्या.