मदत हवी आहे : फॅनफिकमधल्या माझ्याच दोन पात्रांची मैत्री जमेना

फॅनफिक (आवडत्या कथेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी रचलेली कथा) लिहिणाऱ्यांनो, जरा डोकं चालवा. माझ्या कथेत दोन पात्रं पूर्णपणे माझी आहेत : राजवाड्यातली वैद्य आणि रात्रीचा पहारेकरी. मूळ कथेतला नायक समोर असला की दोघं भरभरून बोलतात, कारण विषय तोच असतो. तो गेला की संवादच आटतो.

एकच प्रसंग जमलाय. पहारेकऱ्याच्या हाताला टाके घालताना वैद्य त्याचं लक्ष वळवायला मुद्दाम चुकीचं गाणं म्हणते आणि तो कळवळत चाल सुधारतो. पण पुढच्याच प्रकरणात ते एकमेकांसाठी जीव द्यायला तयार! मधलं काहीच नाही. भांडण लावून पाहिलं, तेही उपरं वाटतं.

मैत्री मुरायला मध्ये काय घालता? छोटी उधारी, एखादं गुपित, की नायकाबद्दलच मतभेद? मला तिसरं पटतंय, पण मग पुन्हा नायकच मध्ये येतो ना! शिवाय वाचक येतात मूळ पात्रांसाठी. नव्यांना किती जागा दिली तर ते कंटाळत नाहीत? (‘मेरी सू’चा, म्हणजे लेखकाचं लाडकं, सर्वगुणसंपन्न पात्र असल्याचा शिक्का १९७३पासून तयारच आहे.) आणि हो, प्रेमकथा करायची नाहीये, कृपया तो सल्ला नको.